उस्ताद अब्दुल करीम खाँ : दरबारातून चिंचेच्या सावलीत



तुमच्यापैकी जे पुण्यात राहतात त्यांनी दिवाळीच्या पहाटे सारसबागेत गाणे ऐकले असेल, किंवा उन्हाळ्यातल्या एखाद्या संध्याकाळी घराजवळच्या बागेत सतरंजीवर बसून कोणा होतकरू गायकाचा यमन ऐकला असेल. तिकीट नाही, निमंत्रण नाही, शेजारी कोण बसले आहे याची चौकशी नाही. हे सारे आज इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही नवल वाटत नाही. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी घराणेदार ख्याल ऐकायचा तर संस्थानिकाच्या दरबारात, सरदाराच्या वाड्यात किंवा धनिकाच्या दिवाणखान्यात प्रवेश असावा लागे. तो ज्यांना नव्हता, त्यांच्या वाट्याला खिडकीतून बाहेर येईल तेवढेच गाणे येई. हा दरवाजा एका दिवसात उघडला नाही, आणि तो एका माणसाने उघडला असेही म्हणता येणार नाही. तरीही ज्यांच्या आयुष्यात ही उघडझाप स्पष्ट दिसते, अशा एका गवयाचे चरित्र या घटकात आपण पाहणार आहोत.

अब्दुल करीम खाँ यांचा जन्म १८७२ साली उत्तर प्रदेशातील किराना या गावी झाला. हे गाव कैराना या नावानेही ओळखले जाते. घरात पिढ्यानपिढ्या गायन आणि सारंगीवादन चालत आले होते. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडे त्यांचे प्रारंभीचे शिक्षण झाले. सारंगीच्या घरात वाढलेल्या मुलाचा कान लहानपणापासून अखंड, न तुटणाऱ्या स्वराला सरावतो. खाँसाहेबांच्या गाण्याचा पुढे जो विशेष ठरला, त्याचे मूळ इथे शोधणे अवास्तव होणार नाही. ऐन तारुण्यात ते भाऊ अब्दुल हक यांच्यासह बडोद्याला आले आणि सयाजीराव गायकवाडांच्या दरबारात गाऊ लागले.

बडोद्याचा काळ वरवर पाहता वैभवाचा होता. पण दरबारी गवयाचे जिणे म्हणजे काय, हे तुम्ही नीट लक्षात घ्या. गाणे केव्हा सुरू व्हायचे, केव्हा थांबायचे, कोणी ऐकायचे, हे गवई ठरवत नसे. त्याच दरबाराशी नात्याने जोडलेल्या सरदार माने यांची कन्या ताराबाई खाँसाहेबांकडे गाणे शिकू लागली, दोघांचे मन जुळले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत दोघांनी बडोदा सोडले. सरदाराची मुलगी आणि मुसलमान गवई, हा संबंध दरबाराने मान्य करणे शक्यच नव्हते. खाँसाहेबांची नोकरी गेली आणि आश्रयही गेला. दरबाराबाहेरचा श्रोता शोधणे ही त्यांच्यासाठी प्रथम गरज होती, ध्येय नंतर झाले. चरित्रकार बहुधा हा क्रम उलटा मांडतात. तो मूळ स्थितीत ठेवला तर त्या माणसाचे मोठेपण अधिक खरे वाटते.

मुंबई आणि इतर गावे करीत हे कुटुंब मिरजेला आले. मिरज त्या काळी गाण्याचे गाव होते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे वास्तव्य तेथे झाले होते, आणि तंबोरे घडवणाऱ्या कारागिरांची घरे तर दर्ग्याच्या आसपासच होती. खाँसाहेबांचा स्वतःचा हातही वाद्यांवर बसलेला होता. तंबोऱ्याची जवारी काढणे, बिघडलेली वीणा दुरुस्त करणे ही कामे ते आवडीने करीत. मिरजेत त्यांना प्लेगची बाधा झाली, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांनी गायनसेवा केली आणि ते बरे झाले, अशी कथा सांगितली जाते. त्यांचे शिष्य बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी यांनी मराठीत जे विस्तृत चरित्र लिहिले आहे, ते वाचताना अशा अनेक कथा तुम्हाला भेटतील. चरित्रवाङ्मयाचे विद्यार्थी म्हणून येथे एक भान ठेवा. शिष्याने लिहिलेल्या गुरुचरित्रात श्रद्धा आणि माहिती एकाच वाक्यात नांदतात. बरे होण्याचे कारण आपल्याला सिद्ध करता येणार नाही, परंतु त्या दर्ग्याशी खाँसाहेबांचे नाते जन्मभर टिकले, ही गोष्ट निर्विवाद आहे. तेथे गाण्यासाठी त्यांना बिदागी नव्हती आणि ऐकणाऱ्याला मज्जाव नव्हता.

आता पुण्याकडे वळू. १८७४ साली येथे गायन समाज स्थापन झाला होता. १९११ साली भास्करबुवा बखले यांच्या पुढाकाराने भारत गायन समाजाची पायाभरणी झाली. नाटक मंडळ्यांची पदे तर घराघरात पोचली होती. दुसऱ्या बाजूला फुकट ऐकायला मिळणाऱ्या गाण्याची पुण्यात एक जुनी रीत होती. देवळातले कीर्तन, भजनी मंडळ, १८९३ नंतरच्या सार्वजनिक गणेशोत्सवातले मेळे हे सारे उघड्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर चाले. श्रवण ही गोष्ट सार्वजनिक असू शकते, याची सवय पुणेकराला होती. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ मध्ये सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेने उन्हाळ्याच्या संध्याकाळी एकत्र जमून ऐकण्याची गोडी लावली होतीच. ज्ञान असे वाटता येते, तर ख्याल का नाही? हा प्रश्न त्या काळच्या पुण्यात कोणाच्या तरी मनात येणे स्वाभाविक होते.

१९१३ साली खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय उघडले. हा त्यांच्या आयुष्यातला, माझ्या मते, सर्वांत धाडसी उद्योग होय. घराण्याची विद्या घरातल्यांनाच द्यावी, बाहेरच्याला द्यायची तर हात राखून द्यावी, हा त्या पेशातला रूढ संकेत होता. या विद्यालयात जात किंवा ऐपत पाहिली जात नसे. गरीब मुले तेथेच राहत, तेथेच जेवत आणि गुरूच्या घरची होऊन शिकत. एक मुसलमान उस्ताद, त्यांची मराठा पत्नी, त्यांची मुले आणि नाना जातींचे विद्यार्थी एका छपराखाली पहाटेचा षड्ज लावीत होते, आणि तेही पुण्यासारख्या सोवळ्याओवळ्याच्या शहरात! विद्यालयाच्या नावातला आर्य हा शब्द त्या पार्श्वभूमीवर मुद्दाम न्याहाळावा असा आहे.

पण मुलांना फुकट शिकवायचे, फुकट जेवू घालायचे, तर धान्य कोठून आणायचे? येथे थांबून तुम्ही स्वतःच थोडा विचार करा. विष्णु दिगंबर पलुस्करांसमोरही हाच प्रश्न होता. मुंबईतल्या गांधर्व महाविद्यालयाच्या इमारतीचे कर्ज त्यांना शेवटी पेलले नाही. खाँसाहेबांनी जो मार्ग काढला तो जलशाचा होता. विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन ते गावोगाव जात आणि तिकिटे लावून कार्यक्रम करीत. दरबारात एकच धनी सारा खर्च उचलायचा. जलशात तो खर्च शेकडो अनोळखी माणसे थोडाथोडा उचलू लागली. त्यांच्या पैशावर विद्यालयातला गरीब मुलगा जेवत होता. आज आपण बागेत पैसे न देता गाणे ऐकतो तेव्हाही तबलजीचे मानधन आणि मांडवाचे भाडे कोणीतरी भरलेलेच असते. ऐकणाऱ्याला फुकट असलेले गाणे गाणाऱ्याला कधीच फुकट पडत नाही, आणि हा हिशेब खाँसाहेबांना पुरता कळला होता.

त्यांच्या गायकीचा विचार या संदर्भात करायला हवा. त्या काळी ध्वनिक्षेपक नव्हता. मोठ्या समुदायासमोर गाणारा माणूस साहजिकच आवाजाला जोर देई. खाँसाहेबांचा आवाज मात्र बारीक, मृदू आणि टोकदार होता. जोरकस आघातांऐवजी ते एकेका स्वरावर ठहराव घेत, मिंडेने एका स्वरातून दुसऱ्यात जात आणि रागाची बढत अतिशय सावकाश करीत. असे गाणे गर्दीपुढे टिकणार नाही, असे कोणालाही वाटावे. ते टिकले, कारण तंतोतंत लागलेल्या स्वराकडे कान ओढला जातो आणि त्यासाठी रागाचे व्याकरण ठाऊक असावे लागत नाही. शास्त्र न जाणणारा श्रोताही जेथे शांत होतो, अशी ही गायकी होती. तिच्यातील स्वरांच्या अचूकपणाकडे अभ्यासकांचेही लक्ष गेले. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचे गणित मांडताना खाँसाहेबांच्या गळ्याचा आधार घेतला. त्यातून पुढे बरेच वाद उद्भवले. त्यांत शिरण्याचे येथे कारण नाही. म्हैसूर दरबारच्या निमित्ताने त्यांचा कर्नाटक संगीताशीही जवळून परिचय झाला. त्यांच्या सरगमेवर त्याची छाया जाणकारांना दिसते.

विद्यालय फार काळ चालले नाही. १९१७ मध्ये मुंबईतही शाखा निघाली, पण १९२०च्या सुमारास हा सारा व्याप आवरला गेला. पुढे-मागे थोड्याच वर्षांच्या अंतराने घरही फुटले. ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. अब्दुल रहमानचे नाव सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीची हिराबाई बडोदेकर झाली, सकीना सरस्वतीबाई राणे म्हणून प्रसिद्धीस आली. मुलांच्या नावांतून बाप पुसला गेला आणि गळ्यात मात्र राहिला. चरित्रकार या भागावरून घाईने पुढे सरकतात. तुम्ही तसे करू नका. जो माणूस परक्यांच्या मुलांना घरात घेऊन शिकवत होता, त्याच्या स्वतःच्या मुलांचे पुढचे शिक्षण दुसऱ्यांच्या हाती गेले. हिराबाईंना अब्दुल वहीद खाँ यांची तालीम मिळाली. ताराबाईंची बाजू सांगणारे लेखन फारच थोडे आहे, ही आपल्या चरित्रवाङ्मयातली एक मोठी उणीव मानावी लागेल. पुढे हिराबाईंनी कुलीन स्त्रीने व्यासपीठावर बसून तिकीट काढून आलेल्या श्रोत्यांसमोर गाण्याची वाट रुळवली आणि पुण्यालाच आपले घर केले. बापाने उघडलेल्या दारातून मुलगी आत आली, पण त्याचा हात धरून नव्हे.

यानंतरची खाँसाहेबांची वर्षे मिरजेत आणि प्रवासात गेली. नागपूरला ताजुद्दीन बाबांच्या सान्निध्यात ते राहिले. त्यांच्या हयातीच्या अखेरच्या वर्षांत निघालेल्या ध्वनिमुद्रिकांनी तर त्यांचे गाणे त्यांनी कधी न पाहिलेल्या गावांत नेले. ध्वनिमुद्रिका विकत घेणारे थोडे होते. ती दुकानात किंवा हॉटेलात वाजू लागली की रस्त्यावर उभे राहून ऐकणारे कितीतरी अधिक होते. गदगचा एक मुलगा असाच अब्दुल करीम खाँची ठुमरी ऐकून वेडावला आणि गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. पुढे तो भीमसेन जोशी म्हणून ओळखला गेला. त्याला गुरू लाभला तोही खाँसाहेबांचाच शिष्य, कुंदगोळचे रामभाऊ म्हणजे सवाई गंधर्व. सवाई गंधर्वांचे १९५२ साली पुण्यात निधन झाले आणि १९५३ पासून त्यांच्या स्मरणार्थ पुण्यात संगीत महोत्सव सुरू झाला. रमणबागेच्या आणि पुढे मुकुंदनगरच्या मोकळ्या मैदानावर मांडव घालून, हजारो श्रोते भारतीय बैठकीवर बसवून होणारा हा महोत्सव भरवणाऱ्या संस्थेचे नाव आर्य संगीत प्रसारक मंडळ असे आहे. ते वाचताना १९१३ सालच्या विद्यालयाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

१९३७ च्या ऑक्टोबरात खाँसाहेब मद्रासेकडे कार्यक्रमांसाठी गेले होते. तेथून पाँडिचेरीला श्री अरविंदांच्या आश्रमात जाण्यासाठी ते आगगाडीने निघाले. वाटेत छातीत दुखू लागले म्हणून सिंगपेरुमाळकोइल या लहानशा स्थानकावर ते शिष्यांसह उतरले. रात्रीची वेळ होती. फलाटावरच अंथरूण पसरले, तंबोरा लावला गेला आणि दरबारी कानड्याच्या स्वरांत त्यांनी प्रार्थना म्हटली. तेथेच २७ ऑक्टोबर रोजी त्यांचा अंत झाला. ज्या रागाच्या नावातच दरबार आहे तो राग अखेरीस उघड्या आभाळाखाली, रेल्वेच्या फलाटावर गायला गेला.

त्यांना मिरजेस आणून ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आले. दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ आवारातल्या चिंचेच्या झाडाखाली संगीतसभा भरते. देशातले नामवंत गायक-वादक तेथे बिदागीचा विचार न करता हजेरी लावतात, रात्र सरत जाते, आणि गावातली माणसे, दर्शनाला आलेल्या बायाबापड्या, पेंगुळलेली मुले, जवळच्या आळीतले तंबोरे घडवणारे कारागीर जागा मिळेल तेथे जमिनीवर बसून ऐकतात.