शांति करणारा कवि : रेव्हरंड नारायण वामन टिळक

प्रभु येशूनें डोंगरावरील प्रवचनांत शांति करणारांस देवाचीं मुलें म्हटलें आहे. शांति राखणें निराळें व शांति करणें निराळें. कलहापासून दूर राहून स्वस्थ बसणारा शांति राखतो. तुटलेलें सांधण्यासाठीं जो स्वतः झीज सोसतो, तोच शांति करतो. या दृष्टीनें आपण टिळकांचें चरित्र पाहूं.

त्यांचा जन्म १८६१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांत करजगांव येथें ब्राह्मण कुळांत झाला. ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांचें घर दुभंगलें. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूसह आप्तांकडे राहिल्या. टिळकांनीं धीर धरला. कांहीं वर्षांनीं लक्ष्मीबाई परत आल्या, तेव्हां आरंभीं त्या आपला जुना आचार पाळीत. टिळकांनीं आपला धर्म त्यांच्यावर लादला नाहीं. १९०० सालीं लक्ष्मीबाईंनीं स्वेच्छेनें बाप्तिस्मा घेतला.

दुसरी दुही याहून मोठी होती. मनुष्य ख्रिस्ती झाला कीं तो आपल्या लोकांस परका झाला, असें पुष्कळांस वाटे. तुकोबांच्या वाणीवर प्रेम करणाऱ्या टिळकांनीं अभंग, भजन व कीर्तन यांच्या द्वारें ख्रिस्तभक्ति मराठी मनास जवळची केली. १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडून त्यांनीं 'देवाचा दरबार' स्थापिला. त्यांत बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या ख्रिस्तभक्तांस सारखेंच स्थान होतें. तथापि जुन्या मित्रांशीं त्यांनीं वैर धरलें नाहीं. १९१२ पासून पत्करलेलें 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचें संपादन ते पुढेंही करीत राहिले. ता. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस त्यांचें देहावसान झालें. त्यांचें 'ख्रिस्तायन' हें काव्य अपुरें राहिलें होतें. तें लक्ष्मीबाईंनीं पूर्ण केलें. ज्या नात्यासाठीं टिळकांनीं वाट पाहिली, त्याच नात्यानें त्यांचें कार्य शेवटास नेलें.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या सातपाटीच्या किनाऱ्यावर कोळी बांधव फाटलेलें जाळें सांधीत बसतात, हें आपण नित्य पाहतों. फाटलें म्हणून तें कोणी दर्यांत टाकून देत नाहीं, आणि घाईनें मारलेली गांठ दर्यांत टिकतही नाहीं. ज्या सोबत्याशीं आपला अबोला आहे, त्याच्याकडे प्रथम आपणच जावें. आणि पालकांनींही भावाभावांतील जुने तंटे मुलांच्या वांट्यास ठेवूं नयेत, अशी आमची नम्र विनंती आहे.