मालवाहतुकीच्या गणिताचे जनक : लिओनिद कांतोरोविच

कोणत्या गोदामातून किती माल कुठे धाडल्यास खर्च किमान राहील, याचे गणित मांडणारे लिओनिद कांतोरोविच १९१२ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे जन्मले. १९३८ मध्ये सोव्हिएत प्लायवूड उद्योगाने यंत्रांवरील कामाच्या वाटपाचा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला आणि त्यातून लिनियर प्रोग्रॅमिंगचा पाया घातला गेला. हीच रीत त्यांनी पुढे मालवाहतुकीला लावली. मात्र टंचाईच्या साधनांनाही मोल असते, हा त्यांचा निष्कर्ष अधिकृत मार्क्सवादी मूल्यसिद्धांताच्या आड आला. १९४२ मध्ये लिहिलेला त्यांचा अर्थशास्त्रीय ग्रंथ १९५९ मध्ये प्रकाशित झाला. युद्धकाळात अमेरिकेत मालवाहू जहाजांच्या नियोजनातून स्वतंत्रपणे याच गणितापर्यंत पोहोचलेले त्यालिंग कूपमन्स १९७५ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचे सहमानकरी होते. कांतोरोविच यांचे १९८६ मध्ये निधन झाले.