रुडॉल्फ डिझेल : ज्याचं आडनाव आपण रोज वाचतो

शिक्षक मित्रहो आणि पालकहो, पेट्रोल पंपावर डिझेल ही पाटी आपण रोज बघतो. पण डिझेल हे एका माणसाचं आडनाव आहे, हे किती मुलांना माहीत असतं? वर्गात एकदा विचारून बघा. आज त्याच माणसाची ओळख करून घेऊ.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील मूळचे जर्मन. १८७० मध्ये फ्रान्स आणि जर्मनांचं युद्ध पेटलं आणि या कुटुंबाला पॅरिस सोडून लंडन गाठावं लागलं. घरची ओढगस्त होती. म्हणून १२ वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीत आउग्सबुर्गला काका-काकूंकडे शिकायला पाठवलं. काका गणिताचे शिक्षक होते. तिथेच मुलाला यंत्रांची गोडी लागली.

पुढे म्युनिकला शिकताना प्राध्यापक कार्ल फॉन लिंडे यांच्या तासाला त्यांनी ऐकलं, की वाफेच्या इंजिनात कोळशाची बहुतेक उष्णता वायाच जाते. ही गोष्ट त्यांच्या मनात घर करून बसली. १८७९ मध्ये टायफॉइडमुळे परीक्षा हुकली, तरी पुढच्या वर्षी ते पास झाले.

त्यांची कल्पना आपण मुलांना सहज दाखवू शकतो. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो ना? हवा जोरात दाबली की तापते. डिझेल यांनी ठरवलं, हवा इतकी दाबायची की तिच्यात इंधन सोडताच ते आपोआप पेटेल. ठिणगीची गरजच नाही! १८९३ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पहिल्या चाचणीत स्फोट होऊन दाब मोजायचं उपकरणच फुटलं. पण ते थांबले नाहीत. १८९७ च्या चाचणीत त्यांच्या इंजिनाने इंधनातली सुमारे २६ टक्के उष्णता कामी आणली. वाफेच्या इंजिनांच्या मानाने हे दुपटीहून जास्त होतं.

खरी डोकेदुखी मात्र वेगळीच होती. इतक्या दाबाच्या हवेत इंधन आत ढकलायचं कसं? तेही मोजून, बारीक फवाऱ्यासारखं आणि नेमक्या क्षणी. डिझेल यांनी दाबलेल्या हवेच्या झोताने ते आत फुंकलं. त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागे आणि इंजिन अवजड होई. कारखान्यात, जहाजावर ते चालून गेलं, ट्रकमध्ये बसवणं जमेना.

आज हे काम पंप आणि इंजेक्टर करतात. इंजेक्टरच्या नोझलची भोकं अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतात. मोठं नोझल बसवलं की गाडी जास्त ओढेल, असं पुष्कळांना वाटतं. पण इंजिनात हवा तेवढीच असेल तर जास्तीचं डिझेल पुरतं जळत नाही. मग काळा धूर निघतो, अ‍ॅव्हरेज पडतं, इंजिन जादा तापतं. नोझल फार लहान असेल तर चढावर ट्रक दमतो. म्हणून हवा किती, ओझं किती आणि पंप कोणता, हे बघूनच नोझलचं माप ठरवतात. हवेइतकंच इंधन, हा हिशेब मुलांना चुलीवरूनही समजतो. लाकडं कोंबली की धूरच होतो.

डिझेल यांना हा ट्रक बघायला मिळाला नाही. नाव झालं, पैसाही आला, पण आजारपण, पेटंटचे वाद आणि फसलेले व्यवहार यांनी ते कर्जात बुडाले. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री इंग्लंडला जाताना ते जहाजावरून नाहीसे झाले. काही दिवसांनी समुद्रात मृतदेह सापडला. तो अपघात होता, आत्महत्या की आणखी काही, याचा निकाल कधीच लागला नाही. मागे पत्नी आणि तीन मुलं राहिली.

दहा वर्षांनी जर्मनीत डिझेलचे ट्रक धावू लागले. रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने १९२७ पासून इंधन फवारणारे पंप मोठ्या संख्येने बनवले आणि ते अवजड कॉम्प्रेसरचं ओझं उतरलं. याच कंपनीचा नोझल आणि इंजेक्टरचा कारखाना आपल्या नाशिकला सातपूरमध्ये आहे.

मुलांना शोधांच्या गोष्टी सांगताना आपण बहुतेक वेळा एकच नाव सांगतो. ही गोष्ट मात्र दोन्ही भागांसह सांगा. एकाने आयुष्य घालवून अर्धी वाट काढली, उरलेली दुसऱ्यांनी पूर्ण केली. ज्या मुलाचं गणित आज अर्ध्यावर अडलंय, त्याला हे ऐकून नक्कीच धीर येईल.