अपॉइंटमेंट लेटर का मागायचं? बाबासाहेबांच्या आयुष्यातून समजून घ्या

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत दोन कामगार एकाच शिफ्टला, शेजारशेजारच्या मशीनवर उभे असतात. एकाकडे अपॉइंटमेंट लेटर असतं, दुसऱ्याकडे फक्त गेटपास. काम चालू आहे तोवर फरक कळत नाही. कळतो तो "उद्यापासून येऊ नको" असं सांगितल्यावर.

नोकरीच्या अटी लेखी हव्यात आणि कामगाराला समजतील अशा भाषेत हव्यात, हा नियम देशभर आला १९४६ साली. तेव्हा कामगार खातं होतं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे. काळाराम मंदिराचा सत्याग्रह आणि येवल्याची घोषणा नाशिककरांना ठाऊक आहेच. पण बाबासाहेबांची ही बाजू फारशी सांगितली जात नाही.

करार होता, पण...

१४ एप्रिल १८९१ ला महू इथं जन्मलेल्या बाबासाहेबांनी पहिला मोठा करार केला तो १९१३ मध्ये. बडोदा संस्थानानं अमेरिकेतल्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षं संस्थानात नोकरी करायची, असं त्यांनी लिहून दिलं.

१९१७ मध्ये करार पाळायला ते बडोद्याला गेले. पद मोठं होतं. पण अस्पृश्य म्हणून शिपाईसुद्धा फाईल हातात न देता लांबून टाकायचे. राहायला घर मिळेना. पारशी विश्रामगृहात आसरा घेतला, तर जात कळल्यावर लोक काठ्या घेऊन आले. त्यांना मुंबईला परतावं लागलं.

म्हणजे कागदावर नोकरी होती, पण माणसासारखं काम करता येईल याची हमी कुठंच नव्हती.

महारवतन : अटी नसलेली नोकरी

याच्याही पलीकडची गोष्ट गावोगावी चालू होती. महारवतनात पिढ्यान्‌पिढ्या सरकारी आणि गावकीची कामं करावी लागत. कामाची वेळ ठरलेली नाही, रात्री-अपरात्री बोलावणं यायचं. बाप घरी नसेल तर मुलानं जायचं. मोबदला म्हणजे थोडीशी इनाम जमीन आणि गावकऱ्यांकडून मिळेल ते बलुतं. सोडून जायची सोय जवळपास नाहीच.

१९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी हे बदलण्यासाठी विधेयक आणलं. ते मंजूर झालं नाही. ही वतनं शेवटी १९५८ च्या कायद्यानं गेली. ते बघायला बाबासाहेब नव्हते.

१९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३८ मध्ये संपावर बंधनं घालणारं विधेयक आलं, तेव्हा ७ नोव्हेंबरला मुंबईत मोठा संप झाला. कामगाराला काम थांबवायचाच हक्क नसेल तर ती गुलामीच, अशी त्यांची भूमिका होती.

आणि १९४६ चा कायदा

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांच्या काळात कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारा कायदा झाला. आणि एप्रिल १९४६ मध्ये आला स्थायी आदेशांचा, म्हणजे स्टँडिंग ऑर्डर्सचा कायदा.

१०० किंवा जास्त कामगार असलेल्या मालकानं या गोष्टी लिहून काढायच्या : कोण कायम, कोण तात्पुरता, कोण बदली. शिफ्ट, हजेरी आणि रजेचे नियम. गैरवर्तन कशाला म्हणायचं. कामावरून काढायचं तर पद्धत काय. तक्रार कुठं करायची.

हे सगळं सरकारी अधिकाऱ्याकडून प्रमाणित करून घ्यायचं आणि इंग्रजीबरोबरच बहुतेक कामगारांना कळणाऱ्या भाषेत गेटजवळ बोर्डावर लावायचं. पुढं महाराष्ट्रानं १०० चा आकडा ५० वर आणला.

पुढं राज्यघटनेच्या कलम २३ नं वेठबिगारीवरही बंदी आली.

आज काय?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. १९४६ चा कायदा त्यात विलीन झाला आणि स्थायी आदेशांची मर्यादा ३०० कामगारांवर गेली. म्हणजे अंबडसारख्या वसाहतीतले छोटे-मध्यम कारखाने या नियमाबाहेर राहतात. दुसऱ्या बाजूनं, नियुक्तीपत्र देणं मात्र मालकावर बंधनकारक झालं.

तोंडी करारही कायद्यानं करारच असतो. पण तो सिद्ध करता करता कामगाराची दमछाक होते. म्हणून गेटवर बोर्ड नसेल, तर हातातलं पत्र जास्तच महत्त्वाचं.

पत्र मिळालं की एवढं तपासा : पद, रुजू तारीख, मूळ पगार आणि भत्ते, कामाचे तास, रजा, नोटीसचा कालावधी, पीएफ आणि ईएसआय. मालक कारखाना आहे की ठेकेदार, तेही बघा. कोऱ्या कागदावर सही करू नका आणि सही केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत घरी ठेवा.