विश्लेषण : हाडाचा ‘फोटो’ काय सांगतो आणि काय लपवतो? क्ष-किरणांच्या जनकाची गोष्ट

बार्शीच्या आडत बाजारात पोते उचलताना पाठीत चमक भरली, परांड्याच्या रस्त्यावर दुचाकी घसरली किंवा वैरागला आजीचा पाय मोरीत सटकला, की पुढची पायरी ठरलेली असते : आधी ‘फोटो’ काढायचा. एक्स-रेला ग्रामीण भागात आजही फोटोच म्हणतात. बार्शी हे आसपासच्या चार-पाच तालुक्यांसाठी उपचाराचे गाव असल्याने, असे मोठे लिफाफे काखेत धरून एसटी स्थानकाकडे निघालेली माणसे इथे रोजच दिसतात. लिफाफ्यातल्या त्या काळ्या-पांढऱ्या चित्रामागे जो माणूस आहे, त्याला शाळेने काढून टाकले होते. पुढे भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यालाच मिळाले.

कोण होते रंटगेन?

विल्हेल्म कॉनराड रंटगेन यांचा जन्म 27 मार्च 1845 रोजी जर्मनीतील लेनेप या गावी झाला. वडील कापडाचे व्यापारी, आई मूळची हॉलंडमधली. मुलगा तीन वर्षांचा असताना कुटुंब हॉलंडमधील आपेलडोर्न येथे स्थायिक झाले. अभ्यासात फार चमक नव्हती. यंत्रे जोडण्या-मोडण्याचा आणि रानावनात भटकण्याचा नाद मात्र होता. उट्रेख्टच्या तंत्रशाळेत एका शिक्षकाचे व्यंगचित्र कोणीतरी काढले. ते रंटगेन यांनी काढले नव्हते, पण काढणाऱ्याचे नाव त्यांनी सांगितले नाही, आणि शाळेतून नाव कमी झाले ते त्यांचेच. हे प्रकरण त्यांना फार महागात पडले. शालान्त दाखला नसल्याने विद्यापीठाचे दरवाजे बंद झाले.

झुरिचच्या तंत्रविद्यालयात मात्र प्रवेशासाठी दाखल्याची सक्ती नव्हती. 1865 मध्ये ते तिथे दाखल झाले, 1868 मध्ये यंत्र अभियंता झाले आणि पुढच्याच वर्षी डॉक्टरेट मिळवली. प्राध्यापक ऑगस्ट कुंट यांनी त्यांना भौतिकशास्त्राकडे वळवले. कुंट यांच्या मागोमाग ते वुर्झबर्गला गेले, तर तिथेही जुना दाखला आडवा आला आणि अध्यापनाचा अधिकार नाकारला गेला. तो त्यांना स्ट्रासबर्गने दिला. याच वुर्झबर्ग विद्यापीठाने 1888 मध्ये त्यांना सन्मानाने प्राध्यापक म्हणून बोलावले आणि 1894 मध्ये ते तिथले कुलगुरूही झाले. झुरिचमधील एका खानावळवाल्याची मुलगी ॲना बर्था लुडविग हिच्याशी त्यांचा 1872 मध्ये विवाह झाला होता. त्यांना मूल नव्हते. बर्थाची भाची त्यांनी दत्तक घेतली.

क्ष-किरणांचा शोध कसा लागला?

8 नोव्हेंबर 1895, शुक्रवारची संध्याकाळ. पन्नाशीतले रंटगेन हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीतून वीज सोडण्याचा प्रयोग करत होते. युरोपातील अनेक प्रयोगशाळांत असे प्रयोग चालू होते, त्यात नवे काही नव्हते. त्यांनी नळी काळ्या पुठ्ठ्याने पूर्ण झाकली आणि खोलीत अंधार केला. थोड्या अंतरावर बेरियम प्लॅटिनोसायनाइडचा लेप दिलेला पडदा होता. तो चमकू लागला. नळीतून प्रकाश बाहेर येत नव्हता, आणि ज्या ऋण किरणांचा अभ्यास चालू होता ते हवेत काही सेंटिमीटरच्या पुढे जात नाहीत. तरीही पडद्यापर्यंत काहीतरी पोहोचत होते.

पुढचे काही आठवडे ते प्रयोगशाळेतून क्वचितच बाहेर पडले. जेवणखाण आणि झोपही तिथेच. राहते घर त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर होते, तरीही! नळी आणि पडद्याच्या मध्ये त्यांनी हाताला लागेल ते धरून पाहिले : लाकूड, पत्त्यांचे जोड, हजारेक पानांचे पुस्तक, ॲल्युमिनियम. किरण यातून पलीकडे जात. शिशाचा दीड मिलिमीटरचा पत्रा मात्र त्यांना जवळपास पूर्ण अडवी. मध्ये हात धरला तर पडद्यावर हाताची फिकट सावली आणि त्यात हाडांची गडद सावली दिसे. किरणांचे स्वरूप ठाऊक नसल्याने गणितात अज्ञात राशीला देतात तेच नाव त्यांनी दिले, एक्स. मराठीत त्याचे ‘क्ष’ झाले.

22 डिसेंबरला त्यांनी बर्थाला खाली बोलावले आणि तिचा हात छायाचित्राच्या काचेवर सुमारे 15 मिनिटे ठेवायला लावला. काचेवर बोटांची हाडे उमटली आणि एका बोटात अंगठी. चित्र पाहून बर्था हबकली, आपले मरणच पाहिल्यासारखे तिला वाटले, असे सांगतात. 28 डिसेंबरला रंटगेन यांनी शोधनिबंध दिला आणि नववर्षदिनी त्याच्या प्रती छायाचित्रांसह ओळखीच्या शास्त्रज्ञांना टपालाने पाठवल्या. 5 जानेवारी 1896 रोजी व्हिएन्नाच्या ‘दी प्रेस’ने बातमी छापली आणि काही दिवसांत ती जगभर पसरली. 13 जानेवारीला त्यांनी जर्मन सम्राटापुढे प्रात्यक्षिक केले. 23 जानेवारीला वुर्झबर्गच्या भरसभेत ज्येष्ठ शरीररचनातज्ज्ञ कोलिकर यांच्या हाताचे चित्र काढले. या किरणांना रंटगेन यांचे नाव द्यावे, ही सूचना कोलिकर यांचीच. जर्मन भाषेत आजही तेच नाव चालते.

हाडच पांढरे का दिसते?

वेगाने जाणारे इलेक्ट्रॉन धातूवर आपटून अचानक थांबतात तेव्हा क्ष-किरण निघतात. आजच्या यंत्रात हा धातू बहुधा टंगस्टन असतो आणि आपटण्याच्या ऊर्जेपैकी जेमतेम एक टक्का किरणांत रूपांतरित होते, बाकी उष्णता. किरण शरीरातून पार होताना सगळीकडे सारखे अडत नाहीत. मांस, चरबी, रक्त हे मुख्यतः हायड्रोजन, कार्बन, ऑक्सिजन अशा हलक्या अणूंचे बनलेले असते. हाडात कॅल्शियम आणि फॉस्फरस असतात, त्यांचे अणू जड. अणुक्रमांक वाढला की किरण शोषण्याची क्षमता झपाट्याने वाढते. म्हणून हाडामागे किरण कमी पोहोचतात आणि फिल्मचा तो भाग पांढरा राहतो. फुप्फुसात हवा असते, तिथून किरण सहज जातात आणि तो भाग काळा होतो. थोडक्यात, एक्स-रे हा फोटो नव्हे, सावली आहे. आणि सावली एका दिशेने पाहिली तर फसवते. कंदील एका बाजूने धरला तर उभी काठी आणि पाट यांची सावली सारखी दिसू शकते. त्यामुळेच हाडाचे चित्र समोरून आणि बाजूने असे किमान दोनदा काढतात. दुसऱ्या फोटोचे पैसे उगाच घेतले, असा समज करून घेण्याचे कारण नाही.

डॉक्टरला त्यात काय वाचता येते?

मोडलेल्या हाडात काळी रेघ दिसते, तुकडे सरकले असतील तर किती आणि कुठल्या दिशेने सरकले ते कळते. लहान मुलांची हाडे लवचिक. ती ओल्या फांदीसारखी एका बाजूने चिरतात आणि दुसऱ्या बाजूने नुसती वाकतात. मुलांच्या हाडांच्या टोकाशी वाढीचा कूर्चेचा पट्टा असतो, तो चित्रात काळ्या फटीसारखा दिसतो. नवख्याला ती मोडच वाटते. शंका आली तर दुसऱ्या हाताचाही फोटो काढून तुलना करतात. प्लास्टर घातल्यावर दोन-तीन आठवड्यांनी मोडीभोवती ढगासारखा पांढुरका थर दिसू लागला, तर हाड जुळू लागले असे समजायचे.

आजारांची खूणही हाडावर उमटते. ड जीवनसत्त्वाच्या अभावाने मुडदूस झालेल्या मुलाच्या मनगटाशी हाडाची टोके पसरट आणि झिरझिरीत होतात. मणक्याच्या क्षयरोगात दोन शेजारचे मणके आणि मधली चकती खाल्ली जाते. संधिवाताने झिजलेल्या गुडघ्यात सांध्यातली फट अरुंद होते आणि कडेला हाडाचे काटे फुटतात. पाण्यात फ्लोराइड जास्त असलेल्या भागात हाडे नको तितकी दाट दिसतात. दुसऱ्या अवयवातला कर्करोग हाडात पसरला की कुठे भोके पडल्यासारखी काळी वर्तुळे, तर कुठे पांढरे डाग दिसतात.

न दिसणारी यादीही मोठी आहे. स्नायू, अस्थिबंध, कूर्चा, मणक्यांमधली गादी, नस हे साध्या एक्स-रेत दिसत नाहीत. ‘मणक्यात गॅप आहे’ असे सांगितले जाते ते दोन मणक्यांतील अंतरावरून काढलेले अनुमान असते. हाडातला पू पहिल्या दहा-बारा दिवसांत बहुधा दिसत नाही. मनगटातल्या होडीच्या आकाराच्या हाडाची चीर पहिल्या दिवशीच्या फोटोत चुकू शकते, म्हणून दुखणे राहिले तर दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा फोटो काढतात. हाडांचा ठिसूळपणा तर एकतृतीयांशाच्या आसपास खनिज गेल्यावरच साध्या एक्स-रेत जाणवतो. ‘फोटो नॉर्मल’ म्हणजे माणूस ठणठणीत, हा हिशेब त्यामुळे जुळत नाही.

बार्शीला हे वेगळ्या अर्थाने ठाऊक आहे. येथील नर्गिस दत्त मेमोरियल कर्करोग रुग्णालयात 1987 मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, भूम आणि परांडा तालुक्यांतील 346 गावे तिच्या कक्षेत होती. तिच्यातून दिसले, की या भागातील स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वाधिक आहे. हा रोग साध्या एक्स-रेत सुरुवातीला सापडतच नाही, त्यासाठी प्रत्यक्ष तपासणी लागते. म्हणून आरोग्य कर्मचाऱ्यांना गावोगाव जावे लागले. पुढे उस्मानाबाद जिल्ह्यात 1 लाख 31 हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले, की एचपीव्ही विषाणूची एकदा केलेली चाचणीही मृत्यू कमी करते.

शोध इतक्या लवकर जगभर कसा पोहोचला?

याचे उत्तर रंटगेन यांच्या स्वभावात आहे. त्यांनी पेटंट घेतलेच नाही. शोध सगळ्यांचा, अशी त्यांची धारणा होती. ज्याच्याकडे नळी, वेटोळे आणि छायाचित्राची काच होती त्याने उपकरण बनवले. फेब्रुवारी 1896 मध्ये अमेरिकेत डार्टमथ येथे एका मुलाच्या मोडलेल्या मनगटाचे चित्र निघाले. 1897-98 मध्ये वायव्य सरहद्दीवरील तिराहच्या मोहिमेत ब्रिटिश लष्करी शल्यचिकित्सक वॉल्टर बीव्हर यांनी जखमी सैनिकांच्या अंगातील गोळ्या शोधायला हे यंत्र वापरले. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी बार्शी रोडहून, म्हणजे आजच्या कुर्डूवाडीहून, बार्शीत येऊ लागली तीही 1897 मध्येच. शोधाला तेव्हा दीडच वर्ष झाले होते. पेटंटच्या कोर्टकचेऱ्या असत्या तर छोट्या गावांत हे यंत्र यायला आणखी किती काळ गेला असता, कोण जाणे.

या उत्साहाची किंमतही मोजावी लागली. किरण दिसत नाहीत, लागताना दुखतही नाहीत, त्यामुळे सुरुवातीला कोणी काळजी घेतली नाही. एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली स्वतःच्या हातावर नळ्या तपासत. दोन्ही हात गमावून 1904 मध्ये त्यांचा मृत्यू झाला. इंग्लंडमधील डॉक्टर जॉन हॉल-एडवर्ड्स यांचा डावा हात 1908 मध्ये कापावा लागला. आज छातीच्या एका एक्स-रेतून मिळणारी मात्रा साधारण 0.1 मिलिसिव्हर्ट असते. निसर्गातून दहाएक दिवसांत आपसूक मिळते तेवढीच. पोटाच्या सीटी स्कॅनची मात्रा याच्या कित्येक पटींनी जास्त. गरोदरपणाची शक्यता असेल तर तंत्रज्ञाला आधी सांगणे आवश्यक, आणि जुने फोटो जपून ठेवले तर पुष्कळदा नव्याची गरजच उरत नाही.

पुढे काय झाले?

1900 मध्ये रंटगेन म्युनिकला गेले. 1901 मध्ये नोबेल मिळाले. स्टॉकहोमला जाऊन त्यांनी ते स्वीकारले, पण व्याख्यान दिले नाही. गर्दीसमोर बोलणे त्यांना जड जाई. पारितोषिकाची रक्कम त्यांनी वुर्झबर्ग विद्यापीठाला दिली. नावामागे सरदारकीचा ‘फॉन’ लावण्याची संधी नाकारली. क्ष-किरणांवर त्यांनी एकूण तीनच निबंध लिहिले. शोधाचे श्रेय आपल्याला मिळायला हवे होते, असा दावा फिलिप लेनार्ड अखेरपर्यंत करत राहिले. लेनार्ड यांच्या प्रयोगांची मदत रंटगेन यांना झाली होती हे खरे, पण पडदा चमकतो आहे म्हणजे काहीतरी नवे आहे हे ओळखले रंटगेन यांनी.

अखेरची वर्षे सुखाची नव्हती. पहिल्या महायुद्धाने देश खचला. दीर्घ आजारानंतर बर्थाचे 1919 मध्ये निधन झाले. पाठोपाठच्या महागाईत जर्मन चलनाची माती झाली आणि त्यांची बचतही वाहून गेली. 10 फेब्रुवारी 1923 रोजी म्युनिक येथे आतड्याच्या कर्करोगाने त्यांचा मृत्यू झाला. त्याचा संबंध क्ष-किरणांशी जोडला जात नाही, कारण त्यांनी या किरणांवर थोडाच काळ काम केले आणि प्रयोग करताना ते जस्ताच्या मोठ्या पेटीआड राहत.

गिसेनच्या जुन्या दफनभूमीत आईवडिलांच्या आणि बर्थाच्या शेजारी त्यांना ठेवण्यात आले. त्यांच्या इच्छेनुसार प्रयोगशाळेतील नोंदी आणि बहुतेक पत्रव्यवहार जाळून टाकण्यात आला. 8 नोव्हेंबरच्या त्या संध्याकाळी खोलीत नेमके काय काय घडले, याचे त्यांच्या हातचे टिपण त्यामुळे उरलेले नाही.