छपरांवरून चालणारा म्हातारा

नरडाण्याच्या स्टेशनवर सुरतेच्या गाडीची वाट बघताना कधी ना कधी वाटतंच, की मोठं व्हायचं तर गाव इथंच टाकून जायचं. मार्क शागाल नावाच्या चित्रकाराला ते जमलं नाही. बरंच झालं म्हणायचं.

वितेब्स्क हे तेव्हाच्या रशियातलं, आज बेलारूसमधलं शहर. तिथल्या ज्यू वस्तीत तो वाढला. जन्म १८८७ चा, नऊ भावंडांत थोरला. वडील खारवलेल्या माशांची पिंपं उचलायचे, आई घरातच किराणा विकायची. घर धर्मनिष्ठ, चित्रं काढणं म्हणजे काहीतरी भलतंच. शिकायला सेंट पीटर्सबर्गला जायचं, तर ज्यूंना तिथं राहायलाही परवाना लागे. तरी तो गेला, आणि १९११ मध्ये पॅरिसलाही पोचला.

पॅरिसमध्ये तेव्हा क्यूबिझमची हवा होती. पिकासो आणि ब्राक गिटार, बाटली, पेपर यांचे तुकडे करून मांडत होते. शागालने ती तऱ्हा उचलली, पण त्या तुकड्यांत भरलं काय? गाय, धार काढणारी बाई, उलटी घरं, खांद्यावर विळा टाकून निघालेला शेतकरी. चित्राचं नाव 'मी आणि गाव'.

१९१४ मध्ये तो घरी आला आणि महायुद्धामुळे तिथंच अडकला. तेव्हा त्याने काढलेला एक म्हातारा झोळी घेऊन चक्क छपरांवरून तरंगत जातो. त्यांच्या यिडिश बोलीत भीक मागत दारोदार फिरणाऱ्याला 'घरांवरून जाणारा' म्हणतात. पठ्ठ्याने वाक्प्रचारच रंगवला! आपल्या पोटात ओरडणारे कावळे असे कुणी रंगवलेत का?

त्या म्हाताऱ्यात अनेकांना एलिया प्रेषित दिसतो. तो गरिबाच्या वेषात फिरतो अशी ज्यूंची श्रद्धा. वल्हांडणाच्या रात्री त्याच्यासाठी दार उघडतात. हे फार परकं नाही. आपल्या कोकणातले बेने इस्रायलही याच एलियाच्या नावाने पोहे, नारळ, साखरेचा मलिदा करतात.

क्रांतीनंतर शागालने वितेब्स्कमध्ये कलाशाळा काढली, तिथं मतभेद झाले, आणि १९२३ पासून पुन्हा पॅरिस. मग १९३८. जर्मनीत ज्यूंची प्रार्थनास्थळं जळत होती. त्या वर्षी त्याने क्रूसावरचा येशू रंगवला. युरोपने शेकडो वर्षं रंगवलेलाच विषय, पण या येशूच्या कमरेला ज्यूंची प्रार्थनेची शाल आहे, पायाशी ज्यूंची समई. भोवती पेटलेली घरं, होडीतले निर्वासित, धर्मग्रंथाची गुंडाळी छातीशी धरून पळणारा माणूस, आणि कोपऱ्यात पुन्हा झोळीवाला. ज्याच्या नावाने ज्यूंचा छळ झाला तो स्वतःच ज्यू होता, हे त्याने एकही शब्द न लिहिता सांगितलं. माझ्या मते त्याचं सगळ्यात धीट चित्र हेच.

१९४१ मध्ये नाझींपासून जीव वाचवून तो अमेरिकेला गेला. १९४४ मध्ये बायको बेला वारली; कितीतरी महिने ब्रश हातात धरवला नाही. युद्धात वितेब्स्क बेचिराख झालं, तिथले ज्यू मारले गेले. चित्रांतल्या गल्ल्या तेवढ्या उरल्या.

१९८५ मध्ये, ९७ व्या वर्षी तो फ्रान्समध्ये वारला. त्याआधी १९७३ मध्ये रशियाने त्याला सन्मानाने बोलावलं होतं. मॉस्को पाहिलं, लेनिनग्राड पाहिलं. वितेब्स्कला मात्र तो गेला नाही.