विल्सनसाहेबांची हुंडी

पेढीवर हुंडी आली म्हणजे तिच्यावरील अक्षर किती वळणदार आहे हे शहाणा व्यापारी पाहत नाही. लिहिणाराची पत काय आणि मुदत भरताच ती सकारली जाईल की नाही, एवढेच तो पाहतो. राज्यकर्त्यांच्या भाषणांसही हीच कसोटी लावावी, असे आमचे मत आहे. युद्ध, देशाची सुरक्षितता आणि लोकशाही हे तीन शब्द एकत्र आले की श्रोत्यांचे भान हरपते. म्हणून ज्या पुरुषाने हे शब्द एके काळी साऱ्या जगाच्या कानी घातले, त्या वुड्रो विल्सन यांचे चरित्र हट्टा व आसपासच्या वाचकांपुढे आज मांडीत आहोत.

विल्सन यांचा जन्म १८५६ साली व्हर्जिनियात एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. गुलामगिरीवरून पेटलेल्या यादवी युद्धाची धग त्यांनी बालपणीच पाहिली. पुढे ते प्राध्यापक झाले, प्रिन्स्टन विद्यापीठाचे प्रमुख झाले, न्यू जर्सीचे गव्हर्नर झाले आणि १९१३ साली अमेरिकेचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी आमचे भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकावयास गेले, हा योग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

देशाला महायुद्धापासून दूर राखले या कीर्तीवर विल्सन १९१६ साली पुन्हा निवडून आले. परंतु जर्मन पाणबुड्या व्यापारी जहाजे बुडवू लागल्या, तेव्हा २ एप्रिल १९१७ रोजी त्यांनी कायदेमंडळापुढे उभे राहून युद्धाची मागणी केली. हे युद्ध मुलुख जिंकण्यासाठी नव्हे, तर जगात लोकशाही निर्धास्तपणे नांदावी यासाठी आहे, असा त्यांच्या भाषणाचा मथितार्थ होता. ८ जानेवारी १९१८ रोजी त्यांनी तहाची चौदा कलमे जाहीर केली. लोकांच्या संमतीवाचून त्यांच्यावर कोणी राज्य करू नये, हे त्यांचे म्हणणे ऐकून पारतंत्र्यातील देशांस नवी आशा वाटू लागली.

ही हुंडी वटविण्यास गेलेल्यांत लोकमान्य टिळक होते. ते त्या वेळी लंडनमध्ये होते. पॅरिसच्या तहपरिषदेसाठी राष्ट्रीय सभेने त्यांस प्रतिनिधी नेमले. परंतु इंग्रज सरकारने परवाना दिला नाही. तेव्हा १९१९ च्या जानेवारीत त्यांनी विल्सन यांस पत्र लिहून हिंदुस्थानास स्वयंनिर्णय मिळावा असे मागितले. चिटणिसाकडून सभ्य उत्तर आले की, योग्य वेळी योग्य अधिकारी हा प्रश्न हाती घेतील. पेढीवरून माणूस विन्मुख परत गेला! परिषदेत हिंदुस्थानच्या नावे बसले ते भारतमंत्री माँटेग्यू, बिकानेरचे महाराजा आणि लॉर्ड सिन्हा.

आता घरचा हिशेब पाहू. विल्सन यांच्याच कारकिर्दीत वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांतून काळ्या नोकरांस गोऱ्यांपासून वेगळे बसविण्यात आले. त्याविरुद्ध गाऱ्हाणे घेऊन आलेल्या शिष्टमंडळास १९१४ साली त्यांनी रागाने वाट दाखविली. युद्धाविरुद्ध बोलल्याबद्दल मजूरपुढारी युजीन डेब्ज यांस दहा वर्षांची शिक्षा झाली. मताधिकार मागत अध्यक्षांच्या निवासापुढे उभ्या राहिलेल्या स्त्रियांस तुरुंग दाखविला. पुढे मात्र विल्सन यांनीच त्या हक्काची तरफदारी केली. वंशसमानतेची जपानची सूचना सतरांपैकी अकरा मते पडूनही, एकमत नाही या सबबीवर त्यांनी फेटाळली.

तरी त्यांस केवळ दांभिक म्हणणे अन्यायाचे होईल. राष्ट्रसंघासाठी त्यांनी आपला देह झिजविला. गावोगाव भाषणे करीत असता ते कोसळले आणि ऑक्टोबर १९१९ मध्ये त्यांस अर्धांगाचा झटका आला. अमेरिकेच्या सीनेटने तह दोनदा नाकारला. १९२४ च्या फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले. मात्र त्यांची कल्पना १९४५ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या रूपाने पुन्हा उभी राहिली.

त्याच संघाच्या सुरक्षा समितीकडे ऑगस्ट १९४८ मध्ये निजाम सरकारने हैदराबादच्या स्वातंत्र्यासाठी दाद मागितली. तेव्हा हट्टा परभणी जिल्ह्यात, निजामाच्या अमलाखाली होते. रझाकारांच्या दहशतीत दिवस काढणाऱ्या रयतेस मात्र तिची इच्छा कोणी विचारली नव्हती. स्वयंनिर्णय राजाचा की प्रजेचा, याचा उलगडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी झाला.

यावरून आम्हांस एवढेच सुचवावयाचे आहे की, मोठा शब्द उच्चारणाऱ्याची पत त्याच्या घरच्या वहीवरून ठरते. आपणही १९५० साली अशीच एक हुंडी लिहून दिली आहे. अस्पृश्यता रद्द झाली, पुढे ग्रामपंचायतींत स्त्रियांस निम्म्या जागा मिळाल्या. पण जिथे पाणवठ्यावर अजून जात विचारली जाते, किंवा निवडून आलेल्या बाईच्या खुर्चीत तिचा नवरा बसतो, तिथे ही हुंडी परत जाते. विल्सनसाहेबांस दोष देण्यापूर्वी आपण आपली वही उघडून पाहावी, आणि जे देणे निघेल ते चुकते करावे.